पॅरामेडिकल सर्टिफिकेट कोर्स : फी भरण्याआधीचा हिशेब

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या बसस्टँडवर, झेरॉक्सच्या दुकानांत आणि आता मोबाईलवरही एकाच प्रकारची जाहिरात फिरू लागते. सहा महिन्यांत लॅब टेक्निशियन व्हा, वर्षभरात ओटी टेक्निशियन व्हा, शंभर टक्के नोकरी. आपल्या वस्त्यांपर्यंत ही जाहिरात बरोबर पोहोचते. नीटचे गुण नाहीत, इंजिनिअरिंगची फी झेपत नाही, पोलीस भरतीत दोनदा अपयश आले आहे. अशा घरात ‘पॅरामेडिकल’ या शब्दाला मोठे वजन असते. पांढरा कोट, हॉस्पिटल, एसीतले काम. आई-वडील बचत गटातून पैसे उचलतात, एखादा दागिना गहाण पडतो आणि ॲडमिशन होते.

शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देण्याच्या निमित्ताने अशी मुले-मुली आमच्याकडे येतात, पण बहुतेक वेळा फी भरून झाल्यावर. म्हणून हा लेख. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे : छोटा कोर्स स्वस्त असतोच असे नाही. पुष्कळदा मान्यता असलेला दोन वर्षांचा डिप्लोमा घरच्या खिशाला सहा महिन्यांच्या किंवा वर्षाच्या ‘झटपट’ कोर्सपेक्षा कमी जड जातो आणि पुढची वाटही उघडी ठेवतो. हे कसे, ते आकड्यांनी पाहू. उदाहरण मुख्यतः प्रयोगशाळा तंत्रज्ञाचे, म्हणजे लॅब टेक्निशियनचे घेतले आहे, कारण आपल्या मुलांचा ओढा सर्वांत जास्त तिकडेच आहे.

नाव एक, कोर्स अनेक

‘डीएमएलटी केले आहे’ असे कोणी सांगितले तरी नेमके काय केले ते कळत नाही. बारावी विज्ञाननंतरचा दोन वर्षांचा डिप्लोमा हाही डीएमएलटी आणि बी.एस्सी.नंतरचा एक वर्षाचा डिप्लोमा हाही डीएमएलटी. शिवाय सहा महिने किंवा वर्षभराचे सर्टिफिकेट देऊन त्यालाही तेच नाव लावणाऱ्या संस्था आहेत. या सगळ्यांच्या वर बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकल तंत्रज्ञानाची पदवी आहे. ती नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतही चालते. तीन वर्षे अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप असा तिचा साचा आहे. बारावी विज्ञानला चांगले गुण असलेल्या मुलांना या पदवीचे नावही माहीत नसते, याचे आम्हाला दरवर्षी वाईट वाटते.

सर्टिफिकेट कोर्सचेही दोन प्रकार आहेत. एक, राज्याच्या कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाचे किंवा केंद्राच्या कौशल्य योजनांतले. यांच्यामागे सरकारी यंत्रणा असते. दुसरा, कुठल्यातरी ट्रस्टने किंवा ‘कौन्सिल’ असे नाव घेतलेल्या खाजगी संस्थेने स्वतःच छापलेले. त्यावर अशोकस्तंभासारखे दिसणारे चिन्ह असते, सोनेरी शिक्का असतो, ‘भारत सरकार नोंदणीकृत’ असेही लिहिलेले असते. ही नोंदणी त्या ट्रस्टची किंवा कंपनीची असते. कोर्सला मान्यता आहे की नाही, हा प्रश्न त्याहून वेगळा.

कायदा कोणाला तंत्रज्ञ म्हणतो

२०२१ साली संसदेने राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा केला. लॅब, एक्स-रे, ऑपरेशन थिएटर, डायलिसिस, फिजिओथेरपी असे कितीतरी व्यवसाय पहिल्यांदाच एका राष्ट्रीय कायद्याखाली आले. या कायद्याच्या व्याख्येनुसार संलग्न आरोग्य व्यावसायिक होण्यासाठी पदविका किंवा पदवी लागते आणि ती किमान २,००० तासांची, दोन ते चार वर्षांत पसरलेली असावी लागते. त्यावरची ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ ही पायरी किमान ३,६०० तासांच्या पदवीची आहे.

ही व्याख्या जाहिरात देणारे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत. सहा महिने किंवा वर्षाचा कोर्स या मोजपट्टीत बसत नाही. आज एखाद्या छोट्या लॅबमध्ये त्यावर काम मिळेलही. पण नोंदणीचे नियम जसजसे घट्ट होतील तसतशी त्या कागदाची किंमत घटत जाणार आहे. महाराष्ट्रात परावैद्यक परिषदेचा स्वतंत्र कायदाही आहे आणि त्याखाली नोंदणी होते. म्हणून ‘कोर्स झाल्यावर परिषदेत नोंदणी होईल का?’ हा प्रश्न फीच्याही आधी विचारायचा आहे.

पत्राद्वारे किंवा ऑनलाइन ‘मेडिकल’ कोर्स करायचा विचार असेल तर तो सोडून द्या. या कायद्याखाली येणारे विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवणे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून बंद केले आहे. रक्त कसे काढायचे हे मोबाईलवर शिकता येत नाही, हे सांगायला खरे तर आयोगाची गरज पडू नये.

खर्चाची वही

संस्था सांगते ती फी म्हणजे खर्चाचा एक भाग. बाकीचे भाग घरातल्या घरात विरून जातात आणि कोणी लिहून ठेवत नाही. त्यात परीक्षा फी आहे, प्रवेश अर्ज, ॲप्रन, बूट, पुस्तके, ‘प्रॅक्टिकल’चे वेगळे पैसे, एसटीचा पास किंवा शहरातली खोली आणि मेस आहे. आणि सर्वांत मोठा आकडा म्हणजे त्या काळात बुडालेली मजुरी. मुलगा कापडाच्या दुकानात महिना सात हजार मिळवत असेल तर वर्षाचे चौऱ्याऐंशी हजार घरात येणे थांबते. ज्या घरात सगळेच हात कमावतात तिथे हा खरा खर्च आहे.

आता एक उदाहरण मांडू. आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत. वही काढून त्या जागी तुमचे आकडे घाला.

रोहन नावाचा एक मुलगा कल्पू या. तो जिल्ह्याच्या शहरात एक वर्षाचा खाजगी सर्टिफिकेट कोर्स करतो. फी ४५,००० रुपये. परीक्षा, ॲप्रन, पुस्तके वगैरे ८,०००. खोली आणि मेस मिळून महिना ५,५००, म्हणजे वर्षाचे ६६,०००. रोख खर्च झाला १,१९,०००. दुकानातली बुडालेली मजुरी ८४,००० धरली तर एकूण २,०३,०००. संस्थेने सांगितलेल्या फीच्या साडेचार पट.

कोर्सनंतर त्याला गावाजवळच्या खाजगी हॉस्पिटलात १०,००० ची नोकरी लागली असे धरू. बरे झाले, असे आपण म्हणतो. पण दुकानात सात हजार मिळतच होते. कोर्समुळे वाढले ते महिन्याला फक्त ३,०००. या तीन हजारांतून रोख खर्च भरून निघायला चाळीस महिने लागतात. बुडालेली मजुरीही धरली तर पाच वर्षे आणि सात-आठ महिने. तेवढ्या काळात दुकानातला पगारही थोडा वाढला असता, ते आपण सोडून देऊ.

हीच नोकरी शहरात राहून करायची म्हटली तर हिशेब उलटाच होतो. पगारातले साडेपाच हजार खोली आणि मेसला जातात. घरी पाठवायला उरतात साडेचार हजार, तेही कपाती होण्याआधी. दुकानात काम करून घरीच जेवणारा मुलगा याहून जास्त पैसे आईच्या हातात देत होता.

कर्जाचे व्याज यात अजून आलेच नाही. बचत गटातून दरमहा शेकडा दोनने पन्नास हजार उचलले तर महिन्याला हजार रुपये नुसते व्याज होते. वाढलेल्या तीन हजारांतला एक तृतीयांश तिथेच गेला.

आता स्नेहलचे उदाहरण. तीही कल्पितच. ती महानगरपालिका असलेल्या जिल्ह्याच्या शहरात मान्यताप्राप्त दोन वर्षांच्या डिप्लोमाला जाते. फी वर्षाला ४०,०००, म्हणजे दोन वर्षांची ८०,०००. रोहनच्या जवळजवळ दुप्पट, आणि इथेच बरेच पालक मागे फिरतात. पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल, तर भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतून अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याची शिकवणी फी आणि परीक्षा फी मिळते. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. २०१६-१७ पासून चालू असलेल्या या योजनेत मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षाला ६०,०००, इतर महानगरपालिका क्षेत्रांत ५१,००० आणि बाकी ठिकाणी ४३,००० रुपये मिळतात. आपल्या लेखासाठी महत्त्वाची अट अशी, की अभ्यासक्रम दोन वर्षांपेक्षा कमी असून चालत नाही. रोहनचा कोर्स इथेच बाद होतो.

स्नेहलची खोली आणि मेस दोन वर्षांची १,३२,०००. त्यातले १,०२,००० स्वाधारमधून. खिशातून ३०,०००. पुस्तके, ॲप्रन, किरकोळ मिळून १६,०००. रोख खर्च ४६,००० रुपये. दुकानातली दोन वर्षांची बुडालेली मजुरी १,६८,००० धरली तर एकूण २,१४,०००.

दोघांचे आकडे शेजारी ठेवा. एकूण बोजा जवळपास सारखाच, दोन लाखांच्या थोडा वर. पण घरातून काढावी लागलेली रोख रक्कम रोहनची १,१९,००० आणि स्नेहलची ४६,०००. तिची सुरुवात खाजगी लॅबमध्ये १२,००० वर झाली तर दुकानापेक्षा पाच हजार जास्त. रोख खर्च नऊ-दहा महिन्यांत निघतो, सगळे धरून साडेतीन वर्षांच्या आसपास. आणि तिच्या हातातला कागद नोंदणीला चालणारा आहे.

शिष्यवृत्तीचे पैसे आणि आपले दाखले

वरचा हिशेब कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात पैसा उशिरा येतो. कधी वर्ष संपताना, कधी पुढच्या वर्षी. म्हणून स्नेहललाही सुरुवातीचे पाच-सहा महिने काढण्यापुरती सोय हवी. शिष्यवृत्तीच्या भरवशावर पूर्ण फी आधी भरा, पैसे आले की परत देऊ, असे सांगणाऱ्या संस्थेकडून ते लेखी घ्या.

शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के आहे. केंद्राचा वाटा आता थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येतो आणि त्यातली फी विद्यार्थ्याने संस्थेत भरायची असते. इथे एक धोका आहे. खात्यात अचानक वीस-पंचवीस हजार दिसले की घरातल्या अडचणी डोके वर काढतात. बहिणीचे लग्न, वडिलांचे आजारपण, छपराचे पत्रे. पैसे खर्च होतात, फी थकते आणि शेवटी मार्कशीट अडकते. आमचा आग्रह आहे की आईने आणि मुलीने मिळून खाते सांभाळावे आणि फी आली त्याच आठवड्यात भरून पावती घ्यावी. शिष्यवृत्तीतला निर्वाह भत्ता आणि स्वाधारची रक्कम दोन्ही पूर्ण मिळतील असे मात्र धरू नका. आम्हीही वरच्या हिशेबात फक्त स्वाधारच धरली आहे.

स्वाधारसाठी मागच्या परीक्षेत किमान ५० टक्के गुण लागतात, दिव्यांग विद्यार्थ्यांना ४०. विद्यार्थी त्याच शहरातला रहिवासी नसावा. उत्पन्न अडीच लाखांच्या वर असेल तर स्वाधार नाही, पण अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची फ्रीशिप आहे. ‘आपल्याला काही मिळत नाही’ असे म्हणून फॉर्मच न भरणारी नोकरदार घरे आपल्याकडे बरीच आहेत.

आता दाखल्यांबद्दल, कारण बौद्ध विद्यार्थ्यांची गाडी बहुधा इथेच अडते. केंद्र पातळीवर बौद्ध धर्मांतरितांना अनुसूचित जातीचा दर्जा १९९० च्या दुरुस्ती कायद्याने मिळाला, हे आपण सगळे जाणतो. पण शाळेच्या दाखल्यावर नुसते ‘बौद्ध’ लिहिलेले असेल आणि मूळ जातीची नोंद नसेल, तर प्रमाणपत्रासाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या किंवा महसुली नोंदीपर्यंत जावे लागते. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. हे काम जून महिन्यात सुरू करून जुलैच्या ॲडमिशनला होत नाही. अकरावीत असतानाच जातीचे प्रमाणपत्र हातात असावे आणि पडताळणी समितीकडे वैधतेचा अर्ज गेलेला असावा. विहारात रविवारी मुले जमतातच. तिथे वर्षातून एकदा फक्त दाखल्यांसाठी बैठक घेतली तरी पुष्कळ मुलांचे वर्ष वाचेल.

महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळामार्फत मिळणारे शैक्षणिक कर्ज आणि बँकांचे कर्ज हे पर्याय खाजगी सावकारापेक्षा केव्हाही बरे. मात्र दोन्हीकडे पहिला प्रश्न पुन्हा तोच असतो, कोर्स मान्यताप्राप्त आहे का?

पगार : सांगितलेला आणि हातात पडणारा

‘पंधरा ते पंचवीस हजार’ असे जाहिरातीत लिहिलेले असते. तालुक्याच्या गावातल्या खाजगी लॅबमध्ये नवीन मुलाची सुरुवात साधारण आठ ते बारा हजारांवर होते. मोठ्या शहरात थोडी जास्त, पण खोलीभाडे तो फरक खाऊन टाकते.

दहा हजार पगार ठरला म्हणजे दहा हजार हातात पडतात असेही नाही. समजा सगळा पगार मूळ वेतन म्हणून धरला आणि नियमाने कपात झाली. भविष्य निर्वाह निधी १२ टक्के, म्हणजे १,२०० रुपये. ईएसआयसी पाऊण टक्का, म्हणजे ७५ रुपये. पुरुष असेल तर व्यवसाय कर १७५. मुलाच्या हातात ८,५५० आले. मुलीला पंचवीस हजारांपर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, म्हणून तिच्या हातात ८,७२५. ही कपात बघून मुले नाराज होतात, पण पीएफ कापणारे हॉस्पिटल हे चांगले लक्षण समजा. तेवढीच रक्कम मालकही भरतो, ती तुमची बचत आहे. ईएसआयसीमुळे आई-वडिलांचा दवाखाना होऊ शकतो. वीसपेक्षा जास्त माणसे कामाला असूनही पीएफ नाही, पगार रोख पाकिटात, असे असेल तर तिथल्या दहा हजारांची किंमत कमी धरा.

सरकारी बाजूला काय आहे? राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जिल्हा पातळीवरच्या जाहिरातींत प्रयोगशाळा तंत्रज्ञासाठी १७,००० रुपये एकत्रित मानधन हा आकडा गेली काही वर्षे सतत दिसतो. कंत्राटी असले तरी तालुका पातळीवर हा खाजगीपेक्षा चांगला पगार आहे. तिथे बारावीनंतरचा मान्य डीएमएलटी मागतात. खाजगी ट्रस्टचे सहा महिन्यांचे सर्टिफिकेट अर्जाच्या छाननीतच बाहेर पडते. आरोग्य विभागातल्या प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी या नियमित पदासाठी विज्ञानाची पदवी आणि त्यावर डीएमएलटी किंवा पॅरामेडिकल तंत्रज्ञानाची पदवी अशी पात्रता लागते. म्हणजे नियमित नोकरी हवी असेल तर पदवीपर्यंत जाणे आलेच.

यात समाज म्हणून आपला एक प्रश्न आहे. नियमित पदांत अनुसूचित जातींना १३ टक्के आरक्षण आहे. पण सरकारी दवाखान्यातले कामच आता बाहेर दिले जात आहे. २०१७ पासून महाराष्ट्रात प्राथमिक आरोग्य केंद्रांतले रक्ताचे नमुने ‘महालॅब’ या व्यवस्थेतून तपासले जातात आणि ती एचएलएल लाइफकेअर चालवते. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातही खाजगी भागीदारीचाच रस्ता धरला गेला. रुग्णाला मोफत सेवा मिळते, हे चांगलेच आहे. पण भिंत सरकारी, मशीनवर बसलेला मुलगा कंत्राटदाराचा आणि त्या जागेला आरक्षण नाही. आपले कार्यकर्ते आरक्षणाच्या आंदोलनात नोकरभरतीबद्दल बोलतात, या बाहेर गेलेल्या जागांबद्दल फार कमी बोलतात.

‘स्वतःची लॅब टाकू’

हे स्वप्न जवळजवळ प्रत्येक मुलाच्या बोलण्यात येते आणि संस्थाही ते विकतात. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ च्या निर्णयात स्पष्ट केले, की लॅबच्या रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. तंत्रज्ञाने चाचणी करायची, रिपोर्ट त्याने स्वतःच्या सहीने द्यायचा नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा, की लॅब टाकायची तर पॅथॉलॉजिस्टला मोबदला देऊन खऱ्या अर्थाने सोबत घ्यावे लागते. महिन्याला काही रक्कम देऊन आधीच सही केलेली कोरी लेटरहेड वापरणे हा धंदा काही ठिकाणी चालतो. पकडला गेला तर आपला मुलगाच पकडला जातो. एखाद्या नामांकित लॅबचे नमुने गोळा करण्याचे केंद्र चालवणे हा कमी भांडवलाचा आणि सरळ मार्ग आहे. कमाई कमिशनवर असते, म्हणून गावात डॉक्टर किती आणि आधीची केंद्रे किती हे मोजूनच त्यात पडावे.

छोटा कोर्स कोणासाठी ठीक आहे

सर्टिफिकेट कोर्स सरसकट वाईट, असे आम्ही म्हणत नाही. घरात लगेच पैशाची गरज आहे, वय वाढले आहे, बारावी कला शाखेतून झाली आहे किंवा दहावीनंतरच शिक्षण सुटले आहे, अशांनी छोटा कोर्स करावा. पण मोफत करावा. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत रुग्णसेवा सहायक, रक्त नमुने घेणारा अशी कामे शिकवणारे कोर्स फी न घेता चालतात. ग्रामीण गरीब कुटुंबांतल्या १५ ते ३५ वयाच्या तरुणांसाठी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना होती ती याच स्वरूपाची, तिच्यात निम्मा वाटा अनुसूचित जाती-जमातींसाठी ठेवलेला. तुमच्या जिल्ह्यात यातले काय चालू आहे ते कौशल्य विकास कार्यालयात जाऊन विचारा. जे मोफत मिळते त्यासाठी पंचेचाळीस हजार देऊ नका, एवढेच.

आणि काम नेमके काय असेल तेही आधी समजून घ्या. ‘पेशंट केअर’, ‘नर्सिंग असिस्टंट’ अशा नावांखाली बरेचदा वॉर्डातले साफसफाईचे, बेडपॅनचे, रुग्ण उचलण्याचे काम असते. ते काम हलके नाही आणि त्याशिवाय हॉस्पिटल एक दिवस चालणार नाही. पण हॉस्पिटलात ज्यांना सगळे ‘मामा’ आणि ‘मावशी’ म्हणतात त्यांच्यात कोणत्या वस्तीतली माणसे जास्त असतात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. फी घेऊन, सर्टिफिकेट देऊन आपल्या मुलीला पुन्हा त्याच जागी उभे केले जात असेल, तर त्याला शिक्षण म्हणता येणार नाही. त्याच वॉर्डात जायचे तर परिचर्या परिषदेने मान्य केलेला दोन वर्षांचा एएनएम किंवा तीन वर्षांचा जीएनएम करून जावे. दोन्हींत पगाराचाही फरक आहे आणि हाक कशी मारतात याचाही.

मुलींबाबत घरचे म्हणतात, लग्नाआधी काहीतरी छोटे करून घे. आमचा अनुभव उलटा आहे. नोंदणी असलेला डिप्लोमा लग्नानंतर दुसऱ्या जिल्ह्यातही चालतो. गल्लीतल्या संस्थेचे सर्टिफिकेट त्या गल्लीबाहेर कोणी ओळखत नाही.

संस्थेच्या ऑफिसात बसल्यावर

पहिला प्रश्न परीक्षा कोण घेते हा. विद्यापीठ, राज्याचे मंडळ की संस्था स्वतः? नाव लिहून घ्या आणि त्या विद्यापीठाच्या किंवा मंडळाच्या यादीत संस्था आहे का ते स्वतः पाहा. मग महाडीबीटी पोर्टलवर त्या कॉलेजचे आणि त्या कोर्सचे नाव शिष्यवृत्तीच्या यादीत दिसते का ते तपासा. आम्ही ही सर्वांत सोपी चाचणी मानतो. यादीत नाव नसेल तर शिष्यवृत्ती येणार नाही आणि स्नेहलचा हिशेब रोहनच्या हिशेबापेक्षाही वाईट होईल.

प्रॅक्टिकल कुठे होते? हॉस्पिटलचे नाव सांगितले तर तिथे जाऊन लॅबमधल्या माणसालाच विचारा की इथली मुले येतात का. मागच्या बॅचच्या तीन-चार मुलांचे नंबर मागा, संस्थेने भिंतीवर फोटो लावलेल्यांचे नव्हे. त्यांना पगार विचारा आणि पीएफ कापतात का तेही विचारा. ‘शंभर टक्के नोकरी’ म्हणजे काय ते लेखी द्या म्हटल्यावर समोरचा काय करतो ते पाहा.

मूळ मार्कशीट आणि जातीचे प्रमाणपत्र दाखवा, पण ठेवून देऊ नका, साक्षांकित प्रती द्या. प्रत्येक रकमेची छापील पावती घ्या. मध्येच सोडले तर किती फी परत मिळेल हे प्रवेशाच्या दिवशीच विचारा.

शेवटी एक छोटा खर्च, जो कोणी मोजत नाही. रक्ताचे काम करणाऱ्याला हिपॅटायटिस बीची लस हवी. तिचे तीन डोस असतात, पहिला, मग एका महिन्याने, मग सहाव्या महिन्यात. म्हणून प्रॅक्टिकल सुरू होण्याआधीच सुरुवात करावी लागते. जैववैद्यकीय कचरा हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे २०१६ च्या नियमांनुसार हॉस्पिटलची जबाबदारी आहे, त्यामुळे नोकरीला लागल्यावर ती हक्काने मागा. शिकत असताना मात्र बहुतेक संस्था हात वर करतात, म्हणून तो खर्च वहीत आत्ताच लिहा. एक्स-रेच्या कोर्सला जाणाऱ्यांनी विकिरण मोजणारा टीएलडी बिल्ला प्रॅक्टिकलच्या पहिल्या दिवशी मिळतो का ते विचारून घ्यावे.